उंदीर पडला की गाव माळावर

आमच्या घरात मेलेला उंदीर कुणी तसाच उचलायचा नाही. आधी त्याच्यावर उकळतं पाणी ओतायचं, मग खोऱ्यानं उचलून परसाच्या टोकाला खड्डा काढून पुरायचा, असा आजीचा नियम होता. लहानपणी आम्हाला तो सोवळ्याओवळ्यातलाच काहीतरी प्रकार वाटायचा. शिवाय ती उंदीर 'मेला' असं म्हणायचीच नाही, 'पडला' म्हणायची. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावात तिच्या लहानपणी 'उंदीर पडला' ही बातमी असायची. कुणाच्या तरी आढ्यावरून झिंगलेला उंदीर खाली येऊन सोप्यात गोल फिरत मरायचा, की त्याच संध्याकाळी देवळात पंच जमायचे. चार-आठ दिवसांत अख्खं गाव भांडीकुंडी, गुरं-वासरं घेऊन माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. 'गाठीचा ताप' आला होता. पुस्तकातलं नाव प्लेग.

कीटकांनी माणसाचा इतिहास कसा घडवला, असं कुणी विचारलं की बहुतेक जण टोळधाडीपासून सुरू करतात. मी आजीच्या उंदरापासून करतो, कारण त्या उंदरावर बसलेल्या पिसवेनं आपल्या मुलखाचं जे केलं ते टोळांनी कधी केलं नाही. मात्र आधीच एक सांगून ठेवतो. 'कीटकानं इतिहास घडवला' हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. किडा आपल्या पोटापुरतं बघतो. त्याला लांब जायला वाट हवी असते, आणि ती बहुतेक वेळा आपणच करून देतो.

प्लेगचंच बघा. १८९४ मध्ये हाँगकाँगला ही साथ जोरात होती. तिथं अलेक्झांडर येर्सिन या डॉक्टरनं रोगाचा जंतू शोधून काढला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याची वखार, बंदराला खेटून. जहाजातून आलेला उंदीर पोत्यांत शिरला, आणि पोती पुढं गाडीत चढली. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा रेल्वेमार्ग तेव्हा नवाकोरा होता. आजवर बैलगाडीनं आठवडे लागणारा माल दोन दिवसांत उतरायला लागला होता. मालाबरोबर आणखी काय उतरतंय हे बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. धारवाड, हुबळी, बेळगाव हा सगळा पट्टा पुढच्या काही वर्षांत असा होरपळला की १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात बेळगाव जिल्ह्याची माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. त्यात दुष्काळाचाही हात होता.

आता त्या पिसवेकडं जरा जवळून बघू, कारण सगळी गंमत तिच्या घशात आहे. गंमत म्हणजे तिच्या दृष्टीनं शोकांतिकाच.

उंदरावर राहणारी ही पिसू दोन-तीन मिलिमीटरची. पंख नाहीत, अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, त्यामुळं केसांच्या दाटीतून सरसर पळते. रक्त हे तिचं एकमेव जेवण. तोंडातून रक्त आत गेलं की पोटात पोचण्याआधी एक बारीकशी झडप लागते, आतून काट्याकाट्यांची. प्लेग झालेल्या उंदराचं रक्त प्यायली की जंतू त्या काट्यांना चिकटतात, तिथंच वाढतात, आणि काही दिवसांत त्यांचा चिकट गोळा होऊन वाटच बुजते. मोरीच्या नळीत केस अडकून पाणी तुंबावं तसं. आता पिसू चावते, रक्त ओढते, पण ते पोटात जात नाही. गोळ्याला धडकून, जंतू बरोबर घेऊन, चावलेल्या जागीच परत ओकलं जातं. पोट रिकामंच. म्हणून ती पुन्हा चावते, परत ओकते. उपाशी पिसू जितकी वेडीपिशी होते तितकी जास्त ठिकाणी जंतू टोचते, आणि शेवटी उपासानंच मरते.

एरवी तिला माणसाचं रक्त फारसं आवडत नाही, उंदीरच बरा. पण उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा ते सोडून निघतात. घरातले उंदीर एकामागून एक पडत गेले, की त्या उपाशी पिसवांसमोर जमिनीवर चटई टाकून झोपलेली माणसं तेवढी उरतात. म्हणून उंदीर आधी, माणूस नंतर, असा क्रम. पिसू बहुधा पायाला चावायची, म्हणून गाठ बहुतेकदा जांघेत यायची.

आजीचं उकळतं पाणी उंदरासाठी नव्हतंच. तो मेलेलाच असायचा. पाणी होतं त्याच्या अंगावर उरलेल्या पिसवांसाठी. पिसवेचं नाव तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण रीत बरोबर होती. माळावर जाण्याचंही तसंच. घरात कणग्या, बळद, अंगणात धान्याचं पेव, मातीची भिंत, शेणानं सारवलेली जमीन. उंदराला याहून सुखाचं घर नाही. माळावरच्या कुडाच्या झोपडीत ना धान्याचा साठा, ना बिळं. माणसं उंदरांपासून आणि पिसवांपासून एकदमच लांब गेली. पिसवेचा शोध लागायच्या आधीच लोकांनी हे अनुभवानं ताडलं होतं.

सरकारनं काय केलं ते याच्या अगदी उलट. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला (२०२० मध्ये करोनाच्या वेळी काढला तो हाच). घराघरांत शिरून झडत्या, आजारी माणसाला उचलून नेणं, सामान जाळणं, जमिनीवर आणि मोऱ्यांत कार्बोलिक ओतणं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण शत्रू चुकला होता. रोग घाणीतून, हवेतून, माणसाच्या स्पर्शातून येतो अशी समजूत होती. मोरीत औषध ओतलं की तिथला उंदीर शेजारच्या घरात पळायचा आणि जाताना पिसवा घेऊन जायचा. म्हणजे ज्या घरात रोग नव्हता तिथं तो सरकारी खर्चानं पोचवला जायचा.

त्या झडत्यांचा संताप पुण्यात पेटला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि तुरुंगातून बाहेर आलेले टिळक देशभरचे पुढारी झाले होते. याच टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. पिसवेनं स्वराज्याची चळवळ केली असं म्हणणं हास्यास्पद होईल. पण १८९७ च्या पुण्यातून पिसू वजा केली तर रँड पुण्यात कशाला आला असता? त्याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली होती.

पिसवेचं बिंग फुटलं ते वर्षभरानं, कराचीत. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला रुग्णांच्या अंगावर बारीक फोड दिसले होते, कुणीतरी चावल्यासारखे. जून १८९८ मध्ये त्यानं काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. तो मेल्यावर एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून आत सोडला. दोघांचा स्पर्श नाही, फक्त पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनं मेला. पिसवा काढून टाकल्या की काहीच व्हायचं नाही. इतका स्वच्छ प्रयोग, पण लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं. मुंबईतल्या प्लेग कमिशननं १९०५ नंतर मोठ्या प्रमाणावर हेच प्रयोग पुन्हा करून दाखवले, तेव्हा कुठं जगाला पटलं. आणि घसा बुजण्याची भानगड तर १९१४ मध्ये कळली. तोवर देशात लाखो माणसं गेली होती. साथ पूर्ण ओसरेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या पुढं गेला.

आपल्याकडं साथ कडक उन्हाळ्यात मंदावायची, यालाही त्या घशाचाच आधार आहे. हवा साधारण २८ अंशांच्या वर गेली की जंतूंचा तो गोळा नीट टिकत नाही, पिसवेची वाट मोकळी राहते. बेळगावची हवा थंड, दमट, पावसाळा लांबलचक. आपण ज्या हवेचं कौतुक करतो ती पिसवेलाही मानवायची. (टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो प्लेगच्या लशीचा, असं काही जण सांगतात. तो देवीच्या लशीचा. प्लेगची लस हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईत केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.)

१८९७ हे साल कीटकांच्या दृष्टीनं मोठं विलक्षण. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. खानापूरच्या जंगलपट्ट्याला हे वाचून काय वाटलं असतं! तिकडं थंडीताप म्हणजे आल्यागेल्याचा पाहुणा, पोरांच्या पोटात पाणथरी (प्लीहा) वाढलेली. सह्याद्रीच्या पायथ्याचा हिवताप पसरवणारा डास गटारात वाढत नाही. त्याला ओढ्याचं संथ, स्वच्छ पाणी लागतं, आणि खानापूर तालुक्यात ओढ्यांना काय तोटा? दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या धारवाड आणि कारवारकडच्या भागात डीडीटीच्या फवारणीचे पहिले मोठे प्रयोग झाले. १९५३ मध्ये देशभर मोहीम निघाली. तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. फवारणीवाला येऊन भिंतीवर गेरूनं तारीख लिहून जायचा, ती आमच्या जुन्या गोठ्याच्या दारावर परवापरवापर्यंत होती. दहा-बारा वर्षांत रोग जवळजवळ संपला, मग डास डीडीटीला सरावले, आपणही ढिले पडलो, आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले.

माकडताप मी मुद्दाम यात धरत नाही. तो पसरवणाऱ्या गोचिडीला आठ पाय असतात, कीटकाला सहा. गोचीड कोळ्याच्या कुळातली.

सगळंच रोगराईचं नाही. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवर जे रेशीम चढलं तो एका अळीनं कोश करताना काढलेला धागा. एका कोशात एक सलग तार, शेकडो मीटरची. त्या धाग्यापायी चीनपासून रोमपर्यंत व्यापाराच्या वाटा पडल्या, हे शाळेत शिकलोच आहोत. मला त्यापेक्षा निवडुंगाची गोष्ट जास्त आवडते, कारण तीत फजिती आहे.

फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्यावर एक कीटक बसतो, कोचिनिल. आमच्या गावच्या शिवेवर अजून थोडा निवडुंग आहे. त्याच्या फड्यावर कापसाचे बारीक पुंजके दिसतात, बुरशी आल्यासारखे. बोटानं एक पुंजका चिरडला की बोट एकदम लालभडक होतं. पोरं एकमेकांना रक्त आलं म्हणून घाबरवायची. मेक्सिकोत याच्याच एका भावंडापासून किरमिजी रंग करत, आणि स्पेननं त्यावर मक्तेदारी ठेवून अमाप पैसा केला. ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा हिंदुस्थानात हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा आणला गेला. तो निघाला भलताच! रंग फिका, भाव पडेल. पण त्यानं इथल्या एका जातीच्या निवडुंगाचा असा फडशा पाडला की लोक बघत राहिले. रंगाचा कारखाना बुडाला आणि निवडुंग मारायचं औषध सापडलं.

पुढं काटेरी निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीनं दक्षिणेत हजारो एकर जमीन गिळली, तेव्हा १९२६ मध्ये सिलोनहून दुसऱ्या जातीचा कोचिनिल आणून दक्षिणेत सोडला. काही वर्षांत त्या रानांची दशा झाली. तणावर किडा सोडून तण मारायचं, याची जगातली अगदी सुरुवातीची उदाहरणं ही. हीच युक्ती काँग्रेस गवतावर १९८४ च्या सुमाराला केली, मेक्सिकोचा एक भुंगेरा आणून. पावसाळ्यात आपल्याकडं गवताची पानं चाळणीसारखी दिसतात ती त्याचीच करामत. गवत मात्र संपलेलं नाही. (आणि त्या नावाचा १९२४ च्या बेळगाव काँग्रेसशी काही संबंध नाही, हे मला एकदा एका पाहुण्याला समजावून सांगावं लागलं होतं. ते गवत पुण्यात दिसलं ते १९५५ च्या सुमाराला.)

वाट आपण करतो म्हणालो, त्याचं माझ्या डोळ्यांदेखतचं उदाहरण उसाचं आहे. मामाचा मळा चिक्कोडी तालुक्यात. नदीचं पाणी, कारखाने, त्यामुळं नजर जाईल तिथवर ऊसच. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला, आणि बघता बघता कृष्णाकाठानं इकडं आला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वरच्या बाजूला काळी काजळी. मी गेलो तेव्हा मामा फडाच्या कडेला उभा होता. शर्टावर पांढरी भुकटी, तळवे चिकट.

"काय बघूलास? चुना मारल्यासारखा दिसतोय बघ ऊस."

चिकट होतं ते माव्याचंच. मावा पानातला रस ओढतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबानं टाकतो. ती खालच्या पानांवर पडते, तिच्यावर काळी बुरशी धरते, पानाला ऊन मिळत नाही. वाढण्याचा वेग विचारू नका. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लंच देतात, अंडी नाहीत की वाट बघणं नाही, आणि ती पिल्लं काही दिवसांतच आणखी पिल्लं देतात. मैलन्‌मैल एकच पीक असल्यावर त्यांना थांबवणार कोण? पूर्वी मधे जोंधळा असायचा, हरभरा असायचा. आता एका फडाचं पान दुसऱ्या फडाला लागतं.

पहिल्या वर्षी लोकांनी औषधं मारली. बारा फूट उंच उसात पंप पाठीवर घेऊन शिरायचं म्हणजे अंग कापून निघतं. मावा काही दिवस कमी व्हायचा, परत यायचा, कारण औषधानं त्याला खाणारेही मरत होते. खाणारे होते हे त्या वेळी बहुतेकांना माहीतच नव्हतं. डिफा नावाची एक अळी माव्याच्या लोकरीत जाळं करून राहते आणि आतून एकेक फस्त करते. मायक्रोमस नावाचा दुसरा एक छोटा, तपकिरी, जाळीदार पंखांचा कीटक आहे, त्याच्या अळ्याही तेच करतात. शेतकी खात्याची माणसं सांगायला लागली की औषध थांबवा, ज्या फडात डिफा आहे तिथली पानं तोडून आणा आणि आपल्या फडात पानाला टाचा.

मामाला हे पटलं नव्हतं. "किड्यावर किडा सोडायचा? लग्नात बँडवाला आणलाय काय?" पण शेजाऱ्यानं केलं म्हणून त्यानंही सायकलच्या कॅरिअरला पानांची पेंढी बांधून आणली. पुढच्या हंगामापासून मावा आटोक्यात आला. सीमेच्या अलीकडं-पलीकडं भाषेवरून, गावांवरून इतकी वर्षं चाललेलं असताना ती डिफाची पानं मात्र इकडून तिकडं बिनबोभाट जात होती. कोण कुठल्या राज्यातलं पान टाचतोय हे कुणी विचारलं नाही.

हुमणीचं मात्र अजून जमलेलं नाही. उसाची मुळं खाणारी ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी (कन्नडमध्ये गोण्णे हुळू) जमिनीत असते तोवर हाताला लागत नाही. सापडते ती वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर, भुंगेरा होऊन वर येते तेव्हा. तिन्हीसांजेला भुंगेरे बाभळी-कडुनिंबावर गर्दी करतात. मामा आणि गडी काठीनं फांद्या झोडतात, खाली ताडपत्री, आणि गोळा झालेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात. पण एकानं केलं आणि शेजाऱ्यानं नाही केलं तर उपयोग शून्य, कारण भुंगेऱ्याला बांध कळत नाही. म्हणून ते काम गावानं एकाच वेळी करायचं असतं. जुन्या काळी माळावर जायचं ठरायचं तसं.

आजीच्या हयातीत प्लेगची बातमी पुन्हा एकदा आली, १९९४ मध्ये. मी तेव्हा शाळेत होतो. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण निघाले, मग सुरतेची घबराट झाली. पेपरात मामल्याची हकीकत आली होती. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर झोपड्यांत राहिले होते, आणि धान्य तडा गेलेल्या घरांतच राहिलं होतं. घरात माणूस नाही, मांजर नाही, पोत्यांवर पोती. मी सोप्यात बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. भूकंपाचं ऐकताना ती गप्प होती. धान्य घरात ठेवून माणसं बाहेर गेली इथं आल्यावर तिनं तांदूळ निवडायचे थांबवले.

"उंदीर पडलेले काय आधी?"

मी पुढं वाचलं. पडले होते.

तिनं सूप खाली ठेवलं आणि चुलीवर पाणी चढवायला उठली.